गंगीच्या वाफ्यातली पानं

महाराष्ट्र राज्य झालं, त्या वर्षी दिवाळीनंतर मी दिग्रसजवळच्या एका तांड्यावरच्या शाळेत मुलांना नॅस्टर्शियम या फुलझाडाचं बी वाटलं. जात बुटकी, वेलासारखी न चढता वीतभर उंचीवरच पसरणारी. मुलांनी ते आपापल्या अंगणात लावायचं होतं.

माझ्या वर्गातल्या गंगीला फुलं हवी होती ती थोरल्या बहिणीसाठी. माघात जमनीचं लग्न होतं आणि सासर लांब, झरीकडच्या जंगलातलं. निघताना तिच्या केसांत आपल्या हातचं फूल खोवायचं, असं गंगीनं ठरवलं होतं.

"या झाडाला खत नको, पाणी बेताचं," मी वर्गात सांगितलं होतं. गंगीनं मान डोलावली. पण तांड्यातल्या मुली श्रावणात तीजेच्या सणाला गहू पेरतात तो टोपलीत, खतमातीत, आणि गाणी म्हणत त्याला रोज पाणी घालतात. गंगीला पेरणं माहीत होतं ते असं. तिनं वाफ्यात बकऱ्यांच्या लेंड्या कालवल्या आणि सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं.

पौषात मी पाहायला गेलो. माती कुठं दिसतच नव्हती. बशीएवढी गोल पानं एकमेकांवर चढली होती.

"गुरुजी, माह्या झाडाचे पानं सगळ्याइपेक्षा मोठे हायेत."

"आणि फुलं?"

"येतीन नं. अजून खत टाकू?"

"नको. आता पाणीही थांबव. खायला-प्यायला भरपूर मिळालं की हे झाड नुसती पानं काढतं. जरा ओढ बसली की फुलतं."

गंगीची आई भुरीबाई दारात तूर पाखडत होती. "उपाशी ठेवून कोणी फुलते काय, गुरुजी? तुमच्या शायेतले पोट्टे तं खाऊनही नाही फुलत."

गंगीनं पाणी थांबवलं. भुरीबाई मात्र येता-जाता तांब्याभर ओतत राहिली. लग्नघरात मुलीच्या हातचं पेरलेलं सुकू देणं तिला बरं वाटेना.

जमनी निघाली त्या सकाळी मीही तिथं होतो; बैलगाडी दारात उभी होती. बाया तिला कवेत घेऊन ढावलो, म्हणजे सासरी जाताना रडत म्हणायचं गाणं, म्हणत होत्या. गंगी त्यांत नव्हती. ती वाफ्याशी बसून मुठीमुठीनं पानं ओरबाडत होती.

जमनी गाणं सोडून तिच्याजवळ आली. "काहून तोडून राह्यली वं?"

"एकही फूल नाही, बाई."

"थांब. हे काय हाय?"

पानांखाली, देठाशी, एक कळी होती. हिरवी, घट्ट, मागे बारीक शेपटी असलेली. गंगीनं तिला बोट लावलं आणि माझ्याकडे पाहिलं. "तोडून देऊ? वाटेत उमलन?"

"इतकी कोवळी आहे. तोडली तर उमलणार नाही."

गंगी कळीकडे पाहत राहिली. मग तिनं हात मागे घेतला, शाबूत राहिलेलं एक पान देठासकट खुडलं आणि जमनीच्या केसांत खोवलं.

"सासरचे म्हणतीन, पोरगी भाजी घेऊन आली," जमनी म्हणाली. रडणाऱ्या बाया हसल्या, आणि मग कोणीतरी ढावलो पुन्हा धरला.

गाडी गेल्यावर गंगी परत वाफ्याशी बसली आणि कळीवर सावली धरणारी पानं एकेक करून काढू लागली.