सातची घंटी

हॅलो, मी बोलतोय. नंबर विचारू नका, मला नंबर नाही. तुमच्या घरातल्या फोनला नंबर असतो, पत्ता असतो, खाली अंथरलेला रुमालसुद्धा असतो. मी आपला लाइनमनच्या कमरेला लटकणारा टेस्ट फोन. माझ्या शेपटीला दोन चिमटे आहेत. ते ज्या तारांना लावाल, तेवढ्यापुरता मी त्या घरचा. पाच मिनिटं डॉक्टरांचा, पाच मिनिटं शिंप्याचा. असंच माझं आयुष्य गेलं.

माझा जन्म एका लांबलचक शेडमधला. अंग नारिंगी, म्हणजे गवतात पडलो तरी सापडेन. पाठीवर आकड्यांची चकती. एका बाईने माझ्या कानात फुंकर मारली, पलीकडे ती ऐकू आली, आणि "हा बोलतो," म्हणत तिने मला खोक्यात टाकलं. एवढीच काय ती माझी परीक्षा.

मी ज्याच्या वाट्याला आलो, तो लाइनमन उंच, हडकुळा आणि लांब पायांचा. खांबावर चढला की एका पायावर तोल सावरून उभा राहायचा, म्हणून सगळे त्याला बगळा म्हणत. साहेबसुद्धा. त्याचं खरं नाव पगाराच्या कागदावर तेवढं असावं.

बगळ्याचा एक नियम होता. लाइनवर कुणी बोलताना ऐकू आलं की, "चालू आहे," म्हणायचं आणि लगेच चिमटे काढायचे. त्यामुळे मला हजारो गोष्टींची सुरुवात माहीत आहे, शेवट एकीचाही नाही.

आता माझ्या पाठीबद्दल सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरूनच घडलं.

जमिनीखालून जी जाड केबल जाते, तिच्यात तारांच्या शेकडो जोड्या असतात. कुठली जोडी कुणाच्या घरी जाते, ते कंपनीच्या रजिस्टरात लिहिलेलं असतं. निदान कंपनीची तशी समजूत असते. एखाद्या जोडीत पाणी शिरलं, की लाइनमन ते घर उचलून दुसऱ्या रिकाम्या जोडीवर टाकतो, आणि त्याच संध्याकाळी त्याने ते रजिस्टरात लिहायचं असतं. पण रजिस्टर कपाटात, कपाटाची किल्ली क्लार्ककडे आणि क्लार्क चहाला गेलेला. मग बगळा काय करायचा, तर दवाखान्यात मिळते तसली पांढरी चिकटपट्टी घ्यायचा, माझ्या पाठीवर डकवायचा आणि पेन्सिलीने आकडा लिहायचा. "उद्या रजिस्टरात घालतो," असं मला सांगायचा. तो उद्या काही उगवत नसे. पट्टीवर पट्टी चढत गेली. आमच्या एक्सचेंजात अकरा लाइनमन होते आणि अकराही टेस्ट फोनांच्या पाठी अशाच पांढऱ्या झालेल्या. मला वाचता येत नाही. पण खरं रजिस्टर आमच्या पाठीवर होतं, एवढं मला कळत होतं.

त्यातली एक पट्टी डकवताना बगळा मोठ्याने म्हणाला होता: '६७ – सासूबाई'.

बगळ्याची सासू शहराच्या टोकाला, शेवटच्या खांबापलीकडच्या टेकाडावर एकटी राहायची. हृदय नाजूक, जीभ तिखट. दोन मुली, दोघी गावातच. थोरली बगळ्याची बायको. धाकटीचा नवराही आमच्याच एक्सचेंजात केबलचे सांधे जोडायचा आणि युनियनचा सेक्रेटरी होता. म्हणजे बगळा आणि सेक्रेटरी एकमेकांचे साडू.

मुलींनी आईला किती सांगितलं, आमच्याकडे येऊन राहा. म्हातारी म्हणायची, "दोन घरांत दोन जावई. एकाकडे गेले तर दुसरा रुसेल, आणि दोघांकडे गेले तर मी रुसेन." मग असं ठरलं, की तिने रोज सकाळी सात वाजता थोरलीकडे फोन करायचा. एकच घंटी, आणि ठेवून द्यायचा. उचलायचा नाही. एक घंटी म्हणजे मी उठले, ठीक आहे. घरातलं कुणी चुकून फोनकडे धावलंच तर बगळ्याची बायको ओरडायची, "उचलू नका, आईची आहे!"

आणि मग संप आला.

कंपनी मोठी होती. इतकी मोठी, की तिचे मालक कोण हे आमच्या गेटवरच्या पहारेकऱ्यालाही सांगता आलं नसतं. वरून पत्र आलं, की तारांचं सगळं काम आता कंत्राटदाराकडे जाईल. लाइनमननी हवं तर कंत्राटदाराकडे नव्याने अर्ज करावा. बगळ्याची नोकरी तेव्हा तेवीस वर्षांची होती. तो म्हणाला, "म्हणजे मी माझ्याच खांबावर चढायला अर्ज करायचा?" बाकीच्यांचंही तेच म्हणणं होतं.

आमच्या लोकांची संपाची एक रीत होती. नुसतं काम सोडून चालायचं नाही. प्रत्येकाने आपला टेस्ट फोन युनियनच्या लोखंडी पेटीत ठेवायचा, पेटीला कुलूप आणि किल्ली सेक्रेटरीच्या गळ्यात. ज्याचा फोन पेटीबाहेर, तो संपाबाहेर. आम्ही अकरा जण पेटीत एकमेकांवर पडलो, आणि गेटसमोरच्या मंडपात त्या पेटीवर ऑपरेटरबाई बसल्या. तीस वर्षं "हॅलो, नंबर प्लीज" म्हणून म्हणून त्यांचा आवाज इतका गोड झाला होता, की त्या शिवी देत असल्या तरी समोरचा आधी "थँक्यू" म्हणायचा. पुढचं सगळं मी त्यांच्या खालून ऐकलं.

कंत्राटदाराची माणसं छापील नकाशे घेऊन आली. नकाशे रजिस्टरावरून काढलेले. नवव्या दिवशी त्यांनी सदुसष्ट नंबरची जोडी 'रिकामी' बघून एका नव्या दुकानाला देऊन टाकली. त्यांची काही चूक नव्हती. कागदावर ती रिकामीच होती.

दहाव्या दिवशी सातची घंटी वाजली नाही.

साडेनऊला बगळ्याची बायको मंडपात आली. तिला धाप लागली होती.

"अहो, टेकडी चढून आले मी! पायात चप्पल एक माझी, एक तुमची. आत जाऊन बघते तर बाई कपडे वाळत घालतायत. मलाच म्हणते, तुझा फोन का लागत नाही?"

"बरी आहे ना?" बगळ्याने विचारलं.

"आज आहे. उद्याचं कोण सांगणार? फोन मेलाय तिचा. दोन मिनिटांचं काम आहे तुमचं, मला ठाऊक नाही का? करून या."

बगळ्याला सगळं कळून चुकलं असणार. तो म्हणाला, "चूक माझी आहे. मी ते रजिस्टरात लिहिलंच नव्हतं."

"ते मला सांगू नका. भावजी, किल्ली द्या."

सेक्रेटरी म्हणाला, "ताई, पेटी नाही उघडता येणार. आज आपली आई, उद्या ह्याची मावशी, परवा त्याचा मामा. चार दिवसांत अकराही फोन बाहेर येतील."

"तुमचीही सासू आहे ती."

"म्हणूनच उघडता येत नाही. दुसऱ्या कुणाची असती तर कदाचित विचार केला असता."

त्याच दुपारी इंजिनिअरसाहेब मंडपाच्या कडेला आले आणि बगळ्याला बाजूला बोलावून घेतलं. बाजूला म्हणजे माझ्या पेटीपासून दोन हातांवर. रोज नव्या तक्रारी येत होत्या. एक लाइन जोडली की दुसरी मरत होती. साहेब माणूस वाईट नव्हता, तोही थकलेला होता.

"बगळ्या, तुमच्या पट्ट्यांवरचे आकडे मला उतरवून दे. नुसते आकडे. सासूबाईंचा फोन संध्याकाळच्या आत चालू करून देतो, माझा शब्द."

"आणि मग आमची गरज काय उरली साहेब?"

"ते वरचे ठरवतात. मी म्हातारीचं बोलतोय."

"विचार करून सांगतो," बगळा म्हणाला, आणि परत येऊन बसला. किल्ली नाही मिळाली तरी बिघडत नव्हतं. पट्ट्यांवरचे निम्मे आकडे त्याला तोंडपाठ होते. साहेबाला हो म्हणायला पेटी उघडायची गरजच नव्हती.

शेवटी ऑपरेटरबाईच बोलल्या. "तोंड कशाला पाडून बसलाय? सात वाजता म्हातारी उठली की नाही, एवढंच कळायला हवं ना? इथे चाळीस माणसं दिवसभर सतरंजी झिजवतायत. एकाला सायकलवर पाठवा. दारावर एकदा टकटक, आतून हो आलं की खाली यायचं आणि थोरलीच्या खिडकीखाली सायकलची घंटी वाजवायची. एकदाच. झाली लाइन चालू!"

कुणीतरी हसलं. मग सेक्रेटरीने वही काढली आणि गेटवरच्या पाळ्यांखाली आणखी एक पाळी मोठ्याने म्हणत लिहिली: 'सासूबाई, सकाळी सात'. बगळा उठून साहेबाकडे गेला आणि नाही म्हणून आला.

अकराव्या दिवशी पहिली पाळी बगळ्याचीच. तो परत येऊन सांगू लागला, "दार वाजवलं तर आतून म्हणते, जिवंत आहे, चालते व्हा!" दुसऱ्या दिवशी गेला त्याला म्हातारीने चहा पाजला. तिसऱ्याला गळका नळ दाखवला. पुढे पुढे ज्याची पाळी असेल तो पान्हा, खिळे घेऊनच जायचा. तिचं छप्पर शाकारून झालं, कडी बसली, खाटेचा पाय जोडला. एक क्लार्क कुरकुरला, "संप कंपनीशी आणि राबतोय म्हातारीकडे." ऑपरेटरबाई म्हणाल्या, "तुला निदान तिथे तरी कुणी काम करताना बघितलं!"

आम्ही अकरा जण पेटीत पडून होतो आणि लाइन आमच्याशिवाय चालत होती. मला त्याचं नवल वाटलं, राग मात्र आला नाही.

एकतिसाव्या दिवशी पाळी सेक्रेटरीची होती. आठ वाजले तरी तो मंडपात आला नाही. साडेआठला सायकल आपटल्याचा आवाज आला.

"शिडी! शिडी घ्या एक, आणि चौघं जण चला!"

त्याने टकटक केलं होतं, आतून उत्तर आलं नव्हतं. दुसऱ्यांदा केलं. मग खांदा लावून, आपल्याच लोकांनी बसवलेली कडी तोडली. म्हातारी मोरीपाशी पडलेली, मांडीचं हाड मोडलेलं, तोंडातून शब्द फुटत नव्हता. अंगावर पांघरूण घालून तो खाली धावत आला होता. टेकाडावर गाडी चढत नाही. चौघांनी तिला खांबाला लावायच्या शिडीवर निजवून, कमरेच्या पट्ट्यांनी बांधून खाली आणलं. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर तिचं पहिलं वाक्य, असं मी ऐकलं, सेक्रेटरीसाठी होतं: "जावईबापू, कडीचे पैसे भरून द्या."

त्या दुपारी सेक्रेटरी मंडपात आला, बगळ्यासमोर उभा राहिला. गळ्यातली किल्ली काढून त्याने पुढे धरली.

"घे, साडू. तेव्हाच द्यायला हवी होती की काय, मला कळत नाही. उघड पेटी."

"आता कशाला? आई दवाखान्यात आहे. फोन कुणाला करणार, मोरीला?"

किल्ली परत सेक्रेटरीच्या गळ्यात गेली.

अडतिसाव्या दिवशी संप मिटला. कंपनीने लिहून दिलं, की आहेत ते लाइनमन निवृत्तीपर्यंत कंपनीचेच राहतील. नवे घेणार की नाही, त्यावर काही लिहिलं नाही, आणि थकलेल्या माणसांनी तेव्हा विचारलंही नाही. बदल्यात कंपनीने एक मागितलं: पट्ट्यांवरचं सगळं रजिस्टरात आलं पाहिजे.

मग आम्हाला पेटीतून काढून टेबलावर ओळीने मांडलं. क्लार्क समोर बसला. बगळा माझ्या पाठीवरचं वाचायचा, क्लार्क लिहायचा, आणि लिहून झालं की बगळा ती पट्टी ओढून काढायचा. टर्र, टर्र असा आवाज. प्रत्येक पट्टीबरोबर मी जरा हलका होत होतो. ते बरं की वाईट, मी तेव्हा ठरवलं नाही, आजही नाही ठरवलेलं.

शेवटची पट्टी राहिली.

"सदुसष्ट," क्लार्क म्हणाला. "दुकानाकडून तक्रार आली होती, ते आपण दुसऱ्या जोडीवर हलवलं. इथे कुणाचं घर लिहू?"

बगळ्याने पट्टीची सुटलेली कड अंगठ्याने दाबली. सासूबाई थोरलीकडे राहायला यायची ठरली होती. टेकाड चढणं आता तिच्याच्याने व्हायचं नव्हतं. तिकडच्या फोनचं कुणाला काम नव्हतं.

"रिकामी लिही," तो म्हणाला.

म्हणजे नकाशात जे चुकीचं छापलं होतं, तेच शेवटी खरं झालं. क्लार्कने लिहिलं, वही मिटली. ती पट्टी बगळ्याने काढली नाही, आणि क्लार्कने विचारलं नाही.

बगळा निवृत्त झाला तेव्हा त्याने मला घरी आणलं. जुना माल म्हणून कंपनीने हरकत घेतली नाही. मागून नवे लाइनमन भरले नाहीत. कंत्राटदाराची माणसं आली, हातात बरोबर लिहिलेलं रजिस्टर घेऊन. पुढे तांब्याच्या ताराच उपसून निघाल्या. मी बगळ्याच्या दाराशी खिळ्याला टांगलेला असतो. म्हातारी आतल्या खोलीत चार वर्षं होती. रोज सकाळी सात वाजता ती काठीने भिंतीवर एकदा ठोकायची. स्वयंपाकघरातून तिची लेक म्हणायची, "आलं गं ऐकू." आता ती भिंत गप्प असते. बगळा मात्र सातला उठून बसतो आणि थोडा वेळ तसाच राहतो.

माझे चिमटे गंजलेत. त्यांना लावायला तारा उरल्या नाहीत, तेव्हा त्यांच्यासाठी मी काही मागत नाही. उद्या घर आवरताना कुणाच्या हाती लागलो, तर भंगारात द्या, मुलांना खेळायला द्या, तुमची मर्जी. फक्त माझ्या पाठीवर एक पिवळी पडलेली चिकटपट्टी आहे. पेन्सिलीचं पुसून गेलंय, वाचायला काही उरलेलं नाही. तेवढी काढू नका.

चला, चालू आहे. चिमटे काढतो.