उजव्या हाताला समुद्र

बसमधल्या गाईडचं जग उलटं असतं. ती प्रवाशांकडे तोंड करून उभी, म्हणून "आपल्या उजव्या हाताला" म्हणायचं आणि स्वतःचा डावा हात वर करायचा. उत्तर जपानातल्या आमच्या हाकोदातेत एकतीस वर्षं मी हेच करत आले. घरी नवऱ्याला "उजव्या कपाटात बघा" म्हटलं की तो मुकाट्याने डावं कपाट उघडतो.

त्या जुलैत माझा डावा खांदा आखडला होता. पन्नाशीचं दुखणं, दुसरं काय! तरी कामावर गेले. सामुद्रधुनीपलीकडच्या सफरचंदांच्या गावातली बावीस म्हातारीकोतारी माणसं, फळांची विरळणी आटोपून दोन दिवसांच्या सहलीला आली होती. पहिल्याच बाकावर तोकुजी नारिता नावाचे आजोबा आणि त्यांची बायको किवा. त्यांच्या मागे तोमेआजी, जिच्या तोंडाला देवाने झाकण दिलंच नव्हतं.

हाचिमान उताराच्या माथ्यावरून बस चालली होती.

"आपल्या उजव्या हाताला हाचिमान उतार! सरळ खाली बघा, रस्ता थेट समुद्रात उतरतो," असं मी सुरात म्हटलं आणि सवयीने डावा हात उचलायला गेले. खांद्यातून अशी कळ आली की त्याऐवजी उजवाच वर गेला. सगळ्या माना माझ्या हाताबरोबर भलत्या बाजूला वळल्या. तिकडे एका दंतवैद्याच्या दवाखान्याची भिंत होती.

"गाईडताई, तुमच्या समुद्राला पांढऱ्या फरश्या बसवल्यात की हो!" तोमेआजी ओरडली. सगळी बस हसली.

एकच माणूस बरोबर बाजूला बघत होता. तोकुजीआजोबा.

"अहो, सगळे तिकडे बघताहेत, तुमचंच काय भलतीकडे?" किवाआजीने त्यांची बाही ओढली. तिच्या आवाजात राग नव्हता, भीती होती.

मला आपलं बरं वाटलं. म्हटलं, बाविसांत एक तरी लक्ष देऊन ऐकतोय. पण बस वळली, उतार मागे पडला, खिडकीशी जुन्या गोदामाची विटांची भिंत आली, तरी आजोबा तिकडेच बघत म्हणत होते, "वा. काय निळा आहे समुद्र."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. माझा हात त्यांना दिसलाच नव्हता. त्यांनी फक्त शब्द ऐकले होते.

दुपारी बाजारात सगळे माकूळ-भात खायला बसले. किवाआजी हळूच माझ्याजवळ आली.

"ताई, आमच्या ह्यांच्याकडे जरा लक्ष ठेवा हं. डोकं चालेनासं झालंय त्यांचं. चहा कपाच्या शेजारी ओततात. चाळीस वर्षांपासूनच्या शेजाऱ्याला ओळख देत नाहीत, आणि परवा दारातल्या छत्र्यांच्या स्टँडला वाकून नमस्कार केला, हवापाणी विचारलं."

"डॉक्टरांना दाखवलंत?"

"दवाखान्याचं नाव काढलं की बागेत जाऊन लपतात. आता सोमवारी मुलगा येतोय. वृद्धाश्रमात एक जागा मिळालीय, सही करायची आहे." तिने मनगटाने डोळे पुसले. "म्हटलं, सगळं विसरून जायच्या आत एकदा डोंगरावरून इथले दिवे तरी दाखवावेत."

मी बोलणारच होते. पण नुसत्या अंदाजावर कुणाच्या संसारात कसं बोलायचं? म्हटलं, आधी आजोबांना विचारू.

चर्चच्या पायऱ्यांवर ती संधी मिळाली. आजोबा प्रत्येक पायरी बुटाच्या टोकाने चाचपत उतरत होते. मी शेजारी जाऊन नुसतंच म्हटलं, "अजून तीन आहेत."

ते थांबले. "कळलं तर तुम्हाला."

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली. दुधाच्या भांड्यातून बघावं तसं दिसायचं. आता तर दूधच दूध."

"आजींना सांगा, आजोबा. आजच सांगा."

"आज मुळीच नाही!" त्यांनी माझं मनगट पकडलं. "लग्न झालं तेव्हा तिला म्हटलं होतं, हाकोदातेचे दिवे दाखवीन. सत्तेचाळीस वर्षं झाली. आधी आई अंथरुणावर, मग पोरं, मग वादळात बाग आडवी झाली. तिला आता कळलं तर ती डोंगरावर जाऊन माझ्या पायांकडेच बघत बसेल. दिवे राहतील बाजूला. हिवाळा येऊ दे, सफरचंदं उतरू देत, मग सांगतो. तोवर कुणाला बोलू नका. शब्द द्या."

आणि मी बावळटपणे शब्द दिला. सोमवारचं त्यांना ठाऊक नव्हतं, आणि ते सांगणं म्हणजे आजीचा विश्वास मोडणं. दोन हातांत दोन काठोकाठ भरलेल्या घागरी घेऊन मी उरलेला दिवस चालले. किल्ला दाखवला, ट्राम दाखवली, पण मनात एकच चाललं होतं. हे दोघं एकमेकांसाठी एवढं करताहेत, आणि त्यातूनच सोमवारी एका शहाण्या माणसाची वेड्यांत गणना होणार.

संध्याकाळी बस डोंगर चढू लागली. आजोबा कान टवकारून पुढे वाकून बसले होते, म्हणून मी त्यांच्यासाठीच दिव्यांचं वर्णन करत गेले. आमच्या वस्तीतल्या देवळात एक म्हातारे भिक्षू गाऊन प्रवचन सांगत. लहानपणापासून त्यांच्यापुढे बसून मी सूर शिकले. ते म्हणत, खांबाला टेकून डुलक्या घेणाऱ्यासाठी गा, बाकीचे आपोआप ऐकतात. तसंच मी गात गात सांगितलं. दोन्हीकडे काळा समुद्र, मध्ये डमरूच्या कंबरेसारखं बारीक झालेलं शहर, त्यात सांडलेले दिवे, आणि पार दूर माकूळ धरणाऱ्या होड्यांच्या दिव्यांची पांढरी ओळ.

वर पोचलो तेव्हा आकाश स्वच्छ होतं. पण गच्चीकडच्या पायऱ्या चढेपर्यंत समुद्रावरून धुकं उठलं, आणि आमच्या धुक्याला यायला चहा गाळायचाही वेळ लागत नाही. नारिता जोडपं सगळ्यांच्या पुढे होतं. मी धापा टाकत पोचले तेव्हा आजोबा कठड्याला धरून उभे होते. समोर पांढरी भिंत. कठड्यापलीकडचं काहीच दिसेना.

"वा!" आजोबा मोठ्याने म्हणाले. "अगं किवा, बघ! डमरूची कंबर बघ! आणि त्या तिकडे होड्या. एक, दोन, तीन... किती गं होड्या!"

किवाआजी त्यांच्याकडे बघत राहिली. मग मटकन बाकावर बसली आणि तोंडावर रुमाल धरून रडायला लागली. "गेले. माझं माणूस गेलं. नसलेल्या होड्या मोजतंय."

मागून बाकीची मंडळी येऊन थबकली.

शब्द दिला होता खरा. पण बुद्धालाही शब्दापेक्षा माणूसच प्यारं असेल, असं मनाशी म्हटलं आणि आजोबांच्या कानाशी गेले.

"आजोबा, वर दाट धुकं आहे. कुणालाच काही दिसत नाहीये."

"कुणालाच?"

"कुणालाच नाही. मलासुद्धा."

 मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडताहेत. ते हसत होते. "दोन वर्षांत पहिल्यांदा, ताई, मला सगळ्या जगाएवढं दिसतंय!" आजीच्या रडण्याच्या रोखाने वळून ते म्हणाले, "किवा, डोकं ठिकाणावर आहे माझं. डोळे गेलेत."

"काय?"

"डोळे. दोन वर्षं झाली. सगळं दुधासारखं पांढरं दिसतं. तुला दिवे बघू द्यायचे होते म्हणून बोललो नाही."

आजीचा रुमाल खाली आला. "म्हणजे तो छत्र्यांचा स्टँड?"

"मला वाटलं पोस्टमन आहे. मुकाच होता बिचारा."

"आणि चहा?"

"अंदाज चुकतो गं."

"नि माझ्या साठ हजार येनांच्या नव्या कोटाबद्दल एक शब्द बोलला नाहीत ते?"

"नवा कोट घेतलास?"

"मेल्या माणसा!" आजी उठली आणि तिने त्यांच्या छातीवर दोन्ही मुठींनी गुद्दे मारले. "नुसते डोळे! फक्त डोळे! आणि मी तुम्हाला सोमवारी आश्रमात टाकायला निघाले होते! बुद्धा रे, फक्त डोळे!" ती इतकी खूश होऊन ओरडत होती की पायऱ्यांवरच्या दुसऱ्या बसमधल्या लोकांना वाटलं, इथे कुणाला लॉटरी लागली.

"आश्रमात?" आजोबांनी विचारलं.

"नाही. आता कुठे? रद्द. आज रात्रीच फोन करते."

तोमेआजी कोपराने वाट काढत पुढे आली. "दुधासारखं दिसतंय म्हणता? अहो शहाणे, मोतीबिंदू असेल तो! माझे दोन्ही डोळे झाले. वीस-वीस मिनिटं लागली. दुसऱ्या दिवशी आरशात बघितलं तर ही कोण म्हातारी म्हणून किंचाळले."

"दुखतं का?" आजोबांनी लहान आवाजात विचारलं.

"आरशात बघताना फार दुखतं!"

सगळे हसले, आणि त्या हसण्यात मीही डोळे पुसून घेतले. मोतीबिंदूच की आणखी काही, ते डॉक्टर सांगेल. पण दवाखान्यात जाणार का विचारल्यावर आजोबांनी मान डोलावली, आणि ती मान आजीने डोळ्यांनी पाहिली. म्हणजे आता सुटका नाही.

"गाईडताई," आजी म्हणाली, "आता आम्हालाही दिसत नाहीये. सगळ्यांनाच सांगा की."

मग मी डावीकडून सुरुवात केली. माईक नव्हता, वारा नव्हता, नुसता ओला पांढरा अंधार. बंदर गायलं, गोदामं गायली, ट्रामची वाट, देवळांची छपरं, होड्या. बावीस माणसं डोळे मिटून उभी होती. मध्येच तोमेआजी म्हणाली, "दिसली बाई, ती दंतवैद्याची पांढऱ्या फरश्यांची भिंत!"

उतरताना चालक ओइकावांनी तिसऱ्या वळणावर गाडी हळू केली आणि आतले दिवे मालवले. ही आमची रोजचीच रीत. धुकं वरच राहिलं होतं. खाली अचानक सगळं शहर उघडं पडलं, जणू कुणी झाकण काढलं. बसभर "आऽऽ" झालं.

मी माईक तोंडाशी नेला. तेवढ्यात पहिल्या बाकावरून किवाआजीचा आवाज आला.

"अहो, आपल्या उजव्या हाताला... थांबा, डाव्या... छे, गाडी वळली. ऐका, आधी काळा समुद्र आहे, मग दिवे, पिवळे, फार दाट, आपल्या फुललेल्या बागेसारखे..."

"कुठल्याही हाताला असू दे गं," आजोबा म्हणाले. "तू सांग."

मी माईक हुकाला अडकवला आणि आखडलेला खांदा खिडकीला टेकवून खाली बसले.