हॉविसच्या चेहऱ्याची पन्हळ

मित्रांनो, मी एक जुनी दगडी पन्हळ आहे. विदरकोट गावच्या चर्चच्या उत्तर भिंतीवर, छपराच्या काठाशी मान पुढे काढून मी सहाशे वर्षे बसले आहे. छपरावरचे पाणी माझ्या घशातून येते आणि भिंतीपासून चार हात लांब पडते. डोळे बटबटीत, नाक फेंदारलेले, तोंड आ वासलेले. मुले मला पाहून हसतात. हसू देत, तो चेहरा माझा नाहीच मुळी!

तो हॉविसचा आहे. ती गावात घरी केलेली बिअर विकायची. बाई मनाने सोन्यासारखी, पण तिने दारातून हाक मारली की शेतातले बैल थांबत. मला घडवणारा पाथरवट ऑसबर्ट एकदा सगळ्यांसमोर म्हणाला, "हॉविसबाई, आज बिअर केलीय की विहीरच आणलीय?" बाईने अख्खा घडा त्याच्या डोक्यावर ओतला. मी तेव्हा अर्धवट कोरलेली सिंहीण होते. आठवड्याभरात माझी हॉविस झाली.

मला भिंतीवर चढवले, तेव्हा गाव पोट धरधरून हसले.

"उतरव ते थोबाड!" हॉविस कडाडली.

"कसं उतरवू? पाणी इतक्या लांब फेकणारा घसा गावात दुसरा कुणाचाय?"

दुसऱ्या दिवशी तिने शिडी लावली आणि माझ्या तोंडात चिखल-चिंध्यांचा बोळा कोंबला. "बस आता गप!" मला फार वाईट वाटले. बिनकामाचे झाले की दगडालाही स्वतःचा भार होतो.

त्याच भिंतीच्या आतल्या बाजूला एक मोठे चित्र होते: बाळ येशूला खांद्यावर घेऊन नदी ओलांडणारे संत ख्रिस्तोफर. सकाळी त्यांचे दर्शन घेतले की त्या दिवशी अवचित मरण येत नाही, अशी गावाची श्रद्धा. हॉविसचा नवरा एकदा घाईत दर्शन चुकवून गेला आणि बैलगाडीखाली सापडला. तेव्हापासून तिने एकही सकाळ चुकवली नव्हती.

मग तीन दिवस पावसाची झड लागली. पाण्याला वाट नव्हती, ते भिंतीत मुरले.

"अरे, संतांचे पाय भिजले!" पाद्रीबाबा ओरडले.

"ते तर नदीतच उभे आहेत, बाबा!" कोणीतरी म्हणाले. सगळे हसले. हॉविस हसली नाही. संतांच्या उजव्या पायाचा अंगठा तिच्या डोळ्यांदेखत ओघळून गेला होता.

ती तशीच भर पावसात शिडी चढली. तिने बोळा उपसला आणि तुंबलेले सारे पाणी भसकन तिच्याच तोंडावर आले. खाली गाव माना वर करून उभे. ओलीचिंब हॉविसने माझ्याकडे पाहिले आणि ती एकदम खो खो हसत सुटली. "मेल्या ऑसबर्ट! नाक मात्र हुबेहूब काढलंयस रे!"

त्यानंतर दर वर्षी पानगळ सरली की ती वर चढून माझ्या घशातला पाला काढी. तिच्यामागे तिची लेक आली, मग नात. पुढे चर्चमध्ये चित्रे नकोत असा हुकूम निघाला, संतांवर चुन्याचा हात फिरला आणि गाव त्यांना विसरले. माझ्या शेजारी छपराचे पाणी खाली उतरवणारा लोखंडी नळ बसला, तेव्हा मलाही विसरले. घशात पाला साचत गेला. अलीकडे तो चुना खरवडला, तर आत संत जसेच्या तसे. अंगठा तेवढा नाही. तो कसा गेला यावर मोठमोठी माणसे डोके खाजवतात. मला कोणी विचारत नाही.

गेल्या हिवाळ्यात तो नळ तुंबला आणि पाणी पुन्हा माझ्याकडे वळले. मी फार घाबरले. तेवढ्यात चर्चची देखभाल करणाऱ्या मिसेस पिकरिल शिडी चढून आल्या. "चला बाई, आ करा!" म्हणत त्यांनी ओंजळी भरभरून पाला काढला. पाणी चार हात लांब पडले. किती वर्षांनी!

मित्रांनो, जुन्या वस्तूंचे कौतुक केले नाहीत तरी चालेल. वर्षातून एकदा कोणीतरी शिडी लावून वर या, एवढेच मागणे आहे. संतांचा एक अंगठा गेला. दुसरा अजून माझ्या भरवशावर आहे.