अतिएनोची भुजली

पुस्तकांची पेटी शाळेत आली तेव्हा आमचे हेडमास्तर भय्याजी यांनी तिच्यावर हजेरीची रजिस्टरं रचली आणि महिनाभर तिचा टेबल केला. शेवटी एक दिवस मीच रजिस्टरं उचलून खिडकीत ठेवली आणि पेटी ओढत माझ्या चौथीच्या वर्गात नेली. नागपूरच्या एका संस्थेची पेटी ती. आत देशोदेशीच्या मुलांच्या गोष्टी, मराठीत आणलेल्या. भय्याजींचं म्हणणं होतं, ज्या पोट्ट्यांनी तुमसरच्या पलीकडचं गाव पाहिलं नाही त्यांना इराण न् पेरू कशाला दाखवता? मी म्हटलं, पाहिलं नाही म्हणूनच. माझं तोंड फटकळ आहे. लोक माझ्याशी वाद घालायचा कंटाळा करतात आणि शाळेत त्याचा फायदाच होतो.

पहिल्या दिवशी पोरांनी पुस्तकं नुसती हसायला वापरली. कुणाची टोपी पाहून हसले, कुणाचं नाव वाचून हसले. मग कुंदनने विचारलं, एवढा बर्फ पडतो तर हे लोक धान कुठे लावतात? धान लावतच नाहीत म्हटल्यावर वर्ग गंभीर झाला. मग खातात काय, हे शोधायला सगळे पुन्हा पानं उलटू लागले. वाचन तिथून सुरू झालं, माझ्या शिकवण्यातून नाही.

दामिनी याच वर्षी आलेली. बाप लाखनीला ट्रकवर, आई बाळंतपणासाठी माहेरी आली, म्हणून हिचं नाव आमच्या शाळेत घातलं. वर्गातल्या मुलींच्या जोड्या पहिलीपासून ठरलेल्या. तिला कुणी वाईट वागवलं असं मुळीच नाही. फक्त खिचडीच्या पंगतीत तिच्यासाठी कुणी जागा धरत नसे. असल्या गोष्टीसाठी कुणाला रागावता येत नाही, आणि रागावता आलं नाही की मला फार त्रास होतो.

तिने पेटीतलं एक पुस्तक घेतलं आणि ते सोडलंच नाही. आफ्रिकेत केनिया नावाचा देश आहे, तिथल्या मोठ्या तलावाकाठच्या अतिएनो नावाच्या मुलीची गोष्ट होती ती. अतिएनोचे वडील मासे धरतात, आणि तिला आजीच्या गावी नव्या शाळेत जावं लागतं. दामिनी ते पुस्तक रोज घरी न्यायची, रोज परत आणायची, जेवतानाही मांडीवर ठेवायची. मी दुसरं पुस्तक पुढे केलं तर नाही म्हणायची नाही, पण मग दोन्ही न्यायची.

दिवाळीच्या सुट्टीआधी पेटी अड्याळच्या एका शाळेत जायची होती. मी संस्थेच्या रक्षा मॅडमना फोन करून सांगितलं, बाकी पेटी न्या, हे एक पुस्तक या मुलीजवळ राहू द्या. नियमात बसत नाही, त्या म्हणाल्या. पण मूल खरंच वाचत असेल तर बघू, पेटी न्यायला येईन तेव्हा तिच्याकडून वाचून घेते. मी दामिनीला तसं सांगितलं. नीट वाचलंस तर पुस्तक तुझंच. तिने मान हलवली. मला तिळभर काळजी नव्हती, कारण चौथीत तिच्याइतकं सफाईने वाचणारं दुसरं कुणी नव्हतं.

रक्षा मॅडम आल्या. दामिनी उभी राहिली, पुस्तक उघडून वाचू लागली. "मोठ्या तलावाच्या काठी," एवढं वाचून ती थांबली, आवंढा गिळला, आणि पुढे म्हणाली, "राहत होती." मधलं नाव गायब. पुढच्या वाक्यात तेच. पान संपलं, नाव काही तिच्या तोंडून आलं नाही. बाकीचे शब्द कसे पाण्यासारखे, आणि नाव आलं की गाडी अडली. मी डोळे वटारले. मग हळूच म्हटलं, अगं, नाव वाच. तिने माझ्याकडे पाहिलं आणि ओठ मिटून घेतले.

रक्षा मॅडम स्वभावाने चांगल्या. त्या मला म्हणाल्या, परदेशी नावं मुलांना जड जातात, हिच्यासाठी जरा सोपं पुस्तक पाठवते. आणि त्यांनी पुस्तकासाठी हात पुढे केला. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात ते काही उगीच नाही. मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत अतिएनो लिहिलं आणि जवळजवळ ओरडलेच, म्हण एकदा. दामिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. पुस्तक तिने छातीशी धरलं, पण बोलली नाही.

तेव्हा मागून गुड्डी उठली. पंगतीत जागा न धरणाऱ्यांपैकीच एक.

"मॅडम, तिले वाचता येते. ते नाव घेत नाई. ते तिची भुजली हाय."

वर्गात कुणीच हसलं नाही, कारण सगळ्यांना एका क्षणात कळलं होतं. कळलं नव्हतं ते फक्त नागपूरच्या पाहुणीला. मी त्यांना समजावून सांगितलं. आमच्याकडे नागपंचमीच्या सुमारास पानांच्या द्रोणात गहू पेरून अंधारात ठेवतात. त्याचे पिवळे कोंब म्हणजे भुजली. राखीच्या दुसऱ्या दिवशी वाजतगाजत तलावावर नेऊन त्या पाण्यात शिरवतात, आणि चार कोंब मैत्रिणीच्या कानावर खोवतात. ज्या दोघी असं करतात त्या जन्मभराच्या भुजली. मग एकमेकींचं नाव तोंडाने घ्यायचं नाही, भुजली म्हणूनच हाक मारायची. आमच्या गावातल्या म्हाताऱ्या भरबाजारात अशीच हाक मारतात. त्यांना भुजलीचं खरं नाव विचारलंत तर दुसऱ्या कुणाला विचारा म्हणतील. पण कुणी पुस्तकातल्या मुलीला भुजली करेल, हे कोणाच्या डोक्यात येणार?

रक्षा मॅडमनी दामिनीकडून पुस्तक हलकेच घेतलं आणि पहिलं चित्र उघडलं. अतिएनोच्या कानाशी गव्हाचे कोंब चिकटून वाळले होते. ओल्या मातीचा डाग मागच्या दोन पानांपर्यंत उतरला होता.

मला यंदाच्या भुजलीच्या दिवसाचा तलाव आठवला. सगळ्या मुली एकमेकींच्या कानांवर भुजली खोवत होत्या आणि ही हातात द्रोण घेऊन पायरीवर उभी होती. मग कधी घरी निघून गेली ते मी पाहिलं नव्हतं. गुड्डी खाली बघत म्हणाली की त्या दिवशी आमच्या जोड्या आधीच लागल्या होत्या.

रक्षा मॅडमनी कोंबांना धक्का न लावता ते पान मिटलं. मग म्हणाल्या, खराब झालेलं पुस्तक आम्ही पुढच्या शाळेत पाठवत नाही, तेव्हा हे इथेच राहील, दामिनीपाशी. हे मात्र नियमात बसत होतं. मी मनातल्या मनात त्यांच्या पाया पडले.

दामिनीने पुस्तक घेतलं. उघडलं, मिटलं. मग पेटीपाशी गेली आणि बाकीच्या पुस्तकांवर ठेवून दिलं.

"नाई मॅडम. तिले घेऊन जा."

मी म्हटलं, अगं, तुलाच दिलंय ना? काहून?

"बाकीचे सारे चालले. इथं ठेवली त ते एकटीच राहीन." मग ती म्हणाली, "नव्या गावात एकटं बरं नाई वाटत."

भय्याजी दारात येऊन उभे होते. रक्षा मॅडमनी पुस्तक उचललं आणि नियम बाजूला ठेवून पेटीत दोन पुस्तकांच्या मधोमध नीट बसवलं. झाकण लावण्याआधी त्यांनी मोठ्या माणसाला विचारावं तसं दामिनीला विचारलं, की अड्याळची मुलं त्या डागाचं विचारतील, तर त्यांना काय सांगू?

"सांगजा, तिची एक भुजली हाय. इकडं रायते."