हातातलं बाळ

साल १९७१. जानेवारी सरत आला होता आणि मेक्सिकोतल्या पुएब्ला शहरात मोठ्या चर्चच्या मागच्या गल्लीतल्या ‘ला गोलोंद्रिना’ या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. एरवी तिथे बटणं, फिती, लेस मिळायची. पण दोन फेब्रुवारीचा कान्देलारियाचा सण जवळ आला की घरोघरच्या बायका आपापला बाळ येशू, घरातली लहानशी मूर्ती, शालीत गुंडाळून तिथे आणत. बाळाला नवा झगा शिवायचा, टोपडं करायचं आणि सणाला नटवून आशीर्वादासाठी चर्चमध्ये न्यायचं. आजीकडून आईकडे, आईकडून लेकीकडे आलेली ही बाळं. कुणी त्यांना बाहुली म्हटलेलं त्या बायकांना खपत नसे.

ओबदुलियाला तिथे कामाला लागून तीन आठवडे झाले होते. वय एकोणीस. त्याआधी बेकरीतून तिला काढलं होतं, कारण पाव भट्टीत ठेवून ती रस्त्यातली वरात बघत राहिली. चपलांच्या दुकानातून काढलं, कारण एका बाईला दोन्ही डाव्या चपला बांधून दिल्या. आई म्हणाली होती, “ही तिसरी जागा. ही गेली तर तुला मामाच्या गावी धाडते, कोंबड्या राखायला.” आणि मालक डॉन एलेउतेरिओंनी तिला बजावलं होतं, “कान्देलारियापर्यंत बघतो. मग ठरवतो.”

काम तसं सोपं. बाळ हातात घ्यायचं, चिठ्ठीचा अर्धा तुकडा त्याच्या पायाला बांधायचा, अर्धा गिऱ्हाईकाला द्यायचा, बाळ फळीवर ठेवायचं. पण चिठ्ठी बांधता बांधता कुणी “अर्धा मीटर लेस!” म्हणून ओरडलं की ओबदुलिया लेसकडे धावे. लेस मोजताना दुसरीच्या कानातले डूल दिसत, डुलांवरून मावशी आठवे, आणि चिठ्ठी एप्रनच्या खिशात राहून जाई.

एक फेब्रुवारीच्या सकाळी दुकान उघडलं. दाराशी रांग लागली होती. डॉन एलेउतेरिओंनी फळीवर नजर टाकली आणि कपाळावर हात मारला.

“अकरा बाळं! आणि एकाच्याही पायात चिठ्ठी नाही!”

ओबदुलियाने खिशात हात घातला. अकरा चिठ्ठ्या निघाल्या, चुरगळलेल्या.

“पोरी, तुझं डोकं आहे की दार नसलेलं खुराडं?” तीस वर्षं त्या गल्ल्यामागे उभ्या असलेल्या दोन्या कूका, म्हणजे कूकाबाई, म्हणाल्या. “आता कुणाचा देव कुणाला देऊ?”

रांगेत पहिल्या होत्या दोन्या सेनाइदा. सहा जानेवारीच्या सणाच्या रोस्का पावातली इवली बाहुली यंदा त्यांच्या वाट्याला आली होती, म्हणजे सगळ्या गोतावळ्याला मक्याच्या पिठाचे वाफवलेले तमाले त्यांनीच खाऊ घालायचे. चुलीवर पातेलं ठेवून आल्या होत्या.

“लवकर आवरा बाई! माझं बाळ कुठंय?”

ओबदुलिया फळीकडे वळली. तिने तिसरं बाळ उचललं. “हे तुमचं. डाव्या करंगळीचं टोक तुटलंय. तुम्ही पिवळ्या शालीत आणलं होतं. शालीला दालचिनीचा वास होता.”

सेनाइदांनी करंगळी तपासली. “माझ्या आईच्या हातून पडलं होतं,” त्या हळूच म्हणाल्या. “हे तुला कसं दिसलं गं?”

पाठीवर मेणबत्तीचा डाग असलेलं, एक पापणी झडलेलं, टाच पुन्हा रंगवलेलं. ओबदुलिया एकेक ओळखत गेली. नऊ बाळं नऊ घरी गेली. उरली दोन, यंदाच एका साच्यातून निघालेली, कोरी. ती कितीतरी वेळ दोन्हींकडे बघत राहिली.

“ही मला सांगता येत नाहीत,” ती म्हणाली.

एक बाळ नवपरिणीत जोडप्याचं, दुसरं शाळेतल्या म्हाताऱ्या बाईंचं होतं. बाई हसल्या. “अजून दोघांनाही आशीर्वाद मिळालेला नाही. पोरांनो, तुम्ही आवडेल ते घ्या. उरलेलं माझं.”

रांग सरली. डॉन एलेउतेरिओ शांतपणे म्हणाले, “नऊ ओळखलीस. पण उद्या दोन बायका भांडत आल्या तर? एप्रन काढून ठेव.”

दोन्या कूका मधे पडल्या. “संध्याकाळपर्यंत माझ्याजवळ राहू द्या. मग काढा.” मग त्या ओबदुलियाकडे वळल्या. “ऐक. चिठ्ठी बांधल्याशिवाय बाळ खाली ठेवायचं नाही. कुणीही ओरडो. छातीशी धर आणि बांध. हातात देव असलेल्या बाईवर कोण खेकसतंय बघू.”

दिवसभर माणसं येत राहिली. “बटणं!” “फीत!” ओबदुलियाचे कान चारी दिशांना धावत, पाय निघत. पण हात भरलेला असला की पाय जागच्या जागी थांबत. “अहो, माझी फीत कापताय की नाही?” म्हणून एक शिंपी गरजला. तिच्या हातातलं बाळ दिसताच त्याने टोपी काढली आणि गप्प उभा राहिला. गाठ बसली. मग तिने फीत कापली.

दुकान बंद करताना मालकांनी फळी तपासली. तेवीस बाळं, तेवीस चिठ्ठ्या. दिवा मालवताना एवढंच म्हणाले, “उद्या सण, पहाटेच येऊन बाळं द्यायची. परवा आठला ये. साडेआठला नाही.”

त्यानंतर ओबदुलिया एकतीस वर्षं तिथे होती. बाळांचा हंगाम नसे तेव्हा ती कात्री हातात धरून ठेवी. काम पुरं झाल्याशिवाय कात्री खाली नाही. तरी चुका व्हायच्या. एकदा तिने लग्नाच्या झग्याला शोकाची काळी फीत बांधून दिली, त्याची गोष्ट गल्लीत अजून सांगतात.

दोन्या कूका पंच्याऐंशीच्या मोठ्या भूकंपाच्या साली गेल्या. त्यांचं बाळ त्यांनी ओबदुलियाच्या नावे ठेवलं होतं. डॉन एलेउतेरिओंच्या मुलाने दुकान विकलं. तिथे आता फोनची कव्हरं मिळतात. दोन्या सेनाइदांचं बाळ त्यांच्या नातीबरोबर शिकागोला गेलं, करंगळी तशीच तुटकी. ओबदुलियाची नात डॉक्टर झाली. तिने आजीला तपासून घ्यायला लावलं आणि लक्ष असं चारी दिशांना धावतं त्याला एक लांबलचक नाव असतं, ते सांगितलं. ओबदुलियाने नाव ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी विसरली.

आजही ती शेगडी पेटवते आणि काड्यापेटी हातातच ठेवते. दार उघडते, शेजारणीशी बोलते, कुंड्यांना पाणी घालते, काड्यापेटी मुठीत. शेगडी बंद केली की मगच ती खाली ठेवते.