पाठीवरचं उघडं भोक

मी एक जुना लाकडी सर्फबोर्ड आहे, आणि मित्रांनो, मला पाण्याची भीती वाटते. हसा खुशाल.

मला एका सुतारानं घडवलं. आधी माशाच्या काट्यासारख्या लाकडी फासळ्या, मग त्यावर पातळ पट्ट्या, एकेक चिकटवून शिकंज्यात आवळलेल्या. तीन महिने नुसता रंधा आणि पॉलिश पेपर! पोटात मी पोकळ. उन्हात आतली हवा फुगून लाकूड तडकू नये, म्हणून पाठीवर एक भोक ठेवलं, त्याला पितळी स्क्रू. किनाऱ्यावर तो काढायचा, पाण्यात जाताना घट्ट बसवायचा. हे काम फक्त सुताराचं. दुसऱ्यानं हात लावला की खवळायचा. लाटांवर मला न्यायची त्याची थोरली बहीण. तो स्वतः गुडघाभर पाण्यापुढं कधी गेला नाही.

एक दिवस दोघांचं वाजलं.

"शेपटाकडं जड झालाय रे हा," ताई म्हणाली.

"मग म्हशीवर बस जा!"

तो तोंड फिरवून चालता झाला. ताईनं रागारागात मला उचललं. स्क्रू त्याच्या खिशातच!

मी ओरडणार कसा? पहिली लाट पाठीवरून गेली आणि पोटात गार पाणी उतरलं. दुसरी आली. गुडगुड, गुडगुड. किनारा लांब, पाण्याची ओढ खोल समुद्राकडं. मी जड होत चाललो. वाटलं, जिला आजवर तरंगवलं तिला आज मीच खाली नेणार.

काठावर त्यानं रुमाल काढला, तसा स्क्रू वाळूत पडला. सुतार पांढराफटक पडला.

"ताई! भोक उघडंय! सोड त्याला, पोहत ये!"

"एवढ्या लांबून दम पुरायचा नाही रे!"

तिनं भोकात अंगठा खुपसला, माझ्यावर पालथी पडली आणि पाय मारत सुटली. मी निम्मा बुडालेला. प्रत्येक लाटेला वाटे, झालं, संपलं! आणि समोरून तो येत होता. कंबरभर, छातीभर, गळाभर पाण्यात, डोळे गच्च मिटून, हात पुढं करून. ताईनं तो हात पकडला.

"डोळे उघड की गाढवा," ती म्हणाली आणि रडायला लागली.

किनाऱ्यावर आल्यावर पोटातलं पाणी त्यांनी ओतून काढलं. धडकी काही निघाली नाही. मित्रांनो, आम्हा वस्तूंना बोलता येत नाही. 'त्यानं बघितलं असेल' म्हणून आम्हाला घेऊन निघू नका. आधी स्वतः हात फिरवून बघा. भांडण काय, परत आल्यावरही करता येतं. परत यायला मात्र हवं.