खोटा काटा

मित्रांनो, मी एक खोटा काटा आहे. निदान कारंजा लाडच्या वेशीबाहेरच्या या भाजीच्या वाडीत माझी ओळख अशीच करून दिली जाते. वय म्हणाल तर फार नाही, पण काट्यावरचा माणसाचा विश्वास उडाला की त्याचं म्हातारपण आलंच म्हणायचं. बिस्किटांच्या एका रिकाम्या डब्यात बटणं, सुयांचं पाकीट आणि एक बंद पडलेलं घड्याळ यांच्या संगतीत मी पडून आहे. माझे सेल काढून घेतले आहेत. सेल काढले की आमचं बोलणं थांबतं. आठवणं मात्र थांबत नाही, आणि तेच वाईट आहे.

दिसायला मी अगदीच किरकोळ. तळहातावर मावेन एवढा. वर स्टीलची चकती आणि खाली आकड्यांची इवलीशी काच. पण ग्रॅमचा शंभरावा हिस्साही मला कळतो. लांबच्या कुठल्याशा कारखान्यात माझ्या अंगावर एक चकचकीत वजन ठेवून माझी परीक्षा घेतली. मी बरोबर उत्तर दिलं आणि मला खोक्यात घातलं. खरं सांगण्यासाठीच मला घडवलं होतं. दुसरं काही मला येतही नाही.

कारंज्यात वजनकाट्यांचं एक दुकान आहे. तिथे धान्याची पोती तोलणारे दांडगे काटे दाराशी उभे असायचे आणि मी काचेच्या कपाटात. माझी सगळी भावंडं सराफांकडे गेली. मीही सोनं तोलीन, मखमलीवर बसेन, अशी स्वप्नं मी पाहत होतो. मग एका दुपारी हर्षल आणि साधना दुकानात आले.

हर्षल पुण्याला पिझ्झाच्या एका मोठ्या हॉटेलात कामाला होता. वर्षातून दोनदा गावी यायचा आणि दोन्ही वेळा बायकोला रडवून परत जायचा. साधना इथेच राहायची, कारण सासरे गुलाबराव गेल्यापासून सासू गिरजाबाई आणि वाडी यांना सोडून तिला कुठे जाता येत नव्हतं. या खेपेला दोघांनी ठरवलं होतं की पिझ्झा आपणच घरी करायचा आणि इथेच विकायचा. अडचण एवढीच होती, की हॉटेलात पिठाचे गोळे तयार होऊन यायचे. हर्षलला ते थापता यायचे, भाजता यायचे, पण पीठ मळण्याची विद्या कुणी शिकवली नव्हती. ती दोघं मोबाइलवर पाहून पाहून शिकत होती.

"सोनं तोलाचं हाय का?" दुकानदाराने मला बाहेर काढत विचारलं.

"नाही जी. यीस्ट तोलाचं हाय. पिझ्झ्याचं," हर्षल म्हणाला.

दुकानदार हसला. "अरे भाऊ, मंग हा सराफाचा काटा कायले पायजे तुले? हा पाय, सैपाकाचा. दहा किलोपर्यंत तोलते."

हर्षलने खिशातून तुरीचा एक दाणा काढला. खास आणलाच होता. तो त्याने त्या सैपाकाच्या काट्यावर ठेवला. काटा शून्यावर ढिम्म. मग तोच दाणा माझ्यावर ठेवला. मी त्याचं वजन सांगितलं. साधना माझ्यावर वाकली, आकडा वाचला आणि नवऱ्याकडे पाहून अशी हसली, की सराफाची मखमल मी त्याच क्षणी विसरून गेलो. शेवटी त्यांनी दोन्ही काटे घेतले. मोठा मैद्यासाठी, मी यीस्ट आणि मिठासाठी.

बाकीचं सामान जमवताना मात्र फजितीच झाली. पिझ्झा दगडावर भाजतात म्हणून हर्षलने शहाबादी फरशीचा तुकडा शेगडीवर तापवला. फरशी अशी फुटली, की गोठ्यातली म्हैस दावं तोडून पळाली. मग बिडाचा जाड तवा आणला आणि वेल्डिंगवाल्याकडून पत्र्याची भट्टी करून घेतली. ओट्यावर आमचं छोटंसं कुटुंबच झालं.

गिरजाबाईंना माझं भारी नवल वाटलं. हर्षलने माझ्यावर वाटी ठेवली, बटण दाबलं आणि आकडा शून्य झाला. तेव्हा त्या म्हणाल्या, "वाटी त इथंच हाय, मंग तिचं वजन कुठं गेलं रे?" नंतर एकट्या असताना त्यांनी नाकातली चमकी काढून माझ्यावर ठेवली. ती त्यांच्या आईने लग्नात दिली होती, चांगली वजनदार आहे असं सांगून. मी खरं वजन सांगितलं. "एवढीशीच?" असं म्हणून त्यांनी चमकी पुन्हा नाकात घातली. तोंड एवढंसं झालं होतं. पहिल्याच आठवड्यात मी खरं सांगितलं आणि एका बाईचं मन मोडलं. त्याच वेळी मी शहाणा व्हायला हवं होतं, पण शहाणपणाचं बटण माझ्यात नाही.

गिरजाबाई म्हणजे सोन्यासारखी बाई, हे मला आधी सांगायला हवं. कारंज्याच्या बाजारात त्यांची भाजी सगळ्यात आधी संपायची, आणि त्याला कारण होतं. त्यांचा हात काटोकाट तोलणारा नव्हता. मेथी तोलली की वरून मूठभर, मिरची तोलली की वरून ओंजळभर. कुणी नको म्हटलं तर रागवायच्या. "काटोकाट देल्लं त मले गोड नाही लागत. घे!" वाफ्यात बी टाकतानाही तसंच. पाखरांचे चार दाणे, मुंग्यांचे चार दाणे म्हणून हात नेहमी सैल. अशा घरात शंभराव्या हिश्श्याचा हिशेब घेऊन मी आलो होतो.

सुरुवातीचे पिझ्झे मात्र झकास झाले. गिरजाबाई बाजारात असायच्या तेव्हा दोघं पीठ मळायची. गोळा ताठ फुगायचा, भट्टीत कडा टम्म उचलल्या जायच्या. संध्याकाळी आल्यावर गिरजाबाईंनी एक तुकडा खाल्ला. "हा त गवरीवर भाजलेला चपटा रोडगाच हाय," त्या म्हणाल्या, आणि दुसरा मागितला.

बसस्टँडजवळ नवीन नावाच्या माणसाचा चहा-नाश्त्याचा ठेला होता. त्याने हर्षलला सांगितलं, "रविवारी माल दाखव. लोकायले आवडला त अर्धा ठेला तुया." हर्षलने घरी येऊन तेच सांगितलं आणि पुढे म्हणाला, "माय, रविवार जमला त मी पुण्याले जातच नाही. पक्कं." गिरजाबाई उठल्या आणि देवापुढे दिवा लावला. मी ओट्यावरून पाहत होतो.

शनिवारी संध्याकाळी पीठ मळायला घेतलं. दिवस वैशाखाचे, भिंतीसुद्धा तापलेल्या. हर्षल भट्टी घेऊन ठेल्यावर गेला होता. साधनाने मोठ्या परातीत मैद्याचा डोंगर केला. माझ्यावर स्टीलची वाटी ठेवली, शून्य केलं आणि यीस्ट हलक्या हाताने टाकलं. चार किलो मैद्याला तीन ग्रॅम. रात्रभर फुगायचं होतं आणि उन्हाळा होता, म्हणून मुद्दाम कमी. मी बरोबर तीन दाखवले. पाणी घ्यायला ती अंगणातल्या टाकीकडे गेली.

इतका वेळ दारातून बघणाऱ्या गिरजाबाई परातीशी येऊन बसल्या. एकदा त्या डोंगराकडे पाहिलं, एकदा वाटीच्या तळाकडे. यीस्ट म्हणजे बारीक दाणेच, राजगिऱ्यासारखे. त्या त्याला बियाणंच म्हणायच्या.

"एवढ्याशा बियाण्यानं काय होईन वो माय?" त्या स्वतःशीच म्हणाल्या. "माया लेकाचं पयलं काम. अन् हात असा आखडता?"

मग त्यांनी यीस्टच्या पाकिटात हात घातला. दोन बोटांची चिमूट नव्हे, मित्रांनो. पाचही बोटांची. वाफ्यात मेथी फेकणारा तो हात, तो काय दोन बोटांनी उचलणार? त्यांनी ते वाटीत सोडलं. मी तिनाचे सहा केले. मला एवढंच ओरडता येतं. आकडा दाखवून. गिरजाबाईंनी त्या आकड्याकडे पाहिलं आणि बाजारात पारडं खाली बसल्यावर होतं, तसं त्यांच्या तोंडावर समाधान आलं. भाजीवरून फिरवतात तसा वाटीवरून हात फिरवून त्या गोठ्याकडे गेल्या.

साधना येईपर्यंत माझी काच आपोआप विझली होती. सेल वाचावेत म्हणून आम्हाला तशी सवय लावलेली असते. तिने एकदा तोललेलं पुन्हा कशाला तोलावं? वाटी उचलली आणि पाण्यात रिकामी केली.

सकाळी पीठ ठेवलेल्या पातेल्याचं झाकण बाजूला पडलेलं होतं. पीठ रात्रीतून फुगून, उतू जाऊन, खाली बसलं होतं आणि घरभर आंबूस वास होता. दुसरं पीठ फुगवायला वेळ नव्हता. तेच नेलं. पुढचं मी पाहिलेलं नाही, घरी आल्यावर जे बोलणं झालं त्यातून समजलं. पीठ हाताला चिकटत होतं, थापताना फाटत होतं, भट्टीत फुगत नव्हतं. लोकांनी एकेक घास खाल्ला आणि प्लेटा तशाच ठेवल्या. नवीन तसा चांगला माणूस. तो एवढंच म्हणाला, "हर्षल, माया ठेल्याचं नाव हाय रे भाऊ. मी काय सांगू लोकायले?"

हर्षल घरी आला तो भट्टी अंगणात आदळूनच. "किती टाकलं होतं यीस्ट?"

"तीनच ग्रॅम," साधना म्हणाली. "काट्यावर तोलून टाकलं. तुमची शप्पत."

"मंग काटा तरी खोटा हाय, नाहीतर तू."

साधना रडू लागली. तेव्हा गिरजाबाई मध्ये पडल्या. "पोरीले कायले बोलतं रे? तिनं माया डोयासमोर तोललं. या डबड्यालेच आग लागो! इतकुसं डबडं काय खरं सांगन?"

त्या खोटं बोलत नव्हत्या. त्या मूठभर मायेचा आणि उतू गेलेल्या पिठाचा काही संबंध असेल, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. मेथीला जास्त बी पडलं म्हणून कधी मेथी बिघडली आहे का?

हर्षलने मला उचलून कोपऱ्यात फेकलं. माझ्या काचेला तडा गेला. तो तडा मी सोसला. पण खोटा हा शब्द मला अजून सोसत नाही. दोन दिवसांनी हर्षल एसटीत बसला. गिरजाबाईंनी त्याच्या पिशवीत चकल्या भरल्या, मग वरून आणखी मूठभर भरल्या.

पावसाळा आला. एक दिवस सासू बाजारात गेलेली असताना साधनाने मला कोपऱ्यातून काढलं, पुसलं आणि माझ्यावर तुरीचा दाणा ठेवला. मी तोच आकडा सांगितला, जो दुकानात सांगितला होता. ती बराच वेळ बघत राहिली. मग तिने वाटीभर मैद्याचं पीठ मळलं, माझ्याच मापाने. ते सुरेख फुगलं. तिने ते भाजलं नाही. नुसतं बोट लावून लावून पाहत बसली. मला वाटलं, आता माझ्यावरचा आळ निघेल. या घरातला तो माझा शेवटचा आनंद.

दुसऱ्या दिवशी एक बाई वाडीत भाजी घ्यायला आली. साधनाने पालक तोलला. गिरजाबाईंनी वरून मूठभर टाकला. साधनाचा हात तिथेच थांबला. बाई गेल्यावर तिने हळूच विचारलं, "आत्याबाई, त्या शनिवारी वाटीत वरून बियाणं टाकलं होतं का तुमी?"

"टाकलं ना!" गिरजाबाई खुशीत म्हणाल्या. "चांगलं पाच बोटानं टाकलं. मी कायले मागं राहू? तरी त्या डबड्यानं घात केला पाय." आणि मग पदर डोळ्यांना लावला. "पोरगं राह्यलं असतं वो घरी."

साधनाने उरलेला पालक टोपलीत भरला. त्याच संध्याकाळी हर्षलचा फोन आला. ती फोन समोर ठेवून स्पीकरवर बोलायची, म्हणजे सासूलाही ऐकू यावं. हर्षल म्हणाला की नवीनने ती जागा दुसऱ्या कुणाला दिली, आपणही पुण्याच्या हॉटेलात वर्षभर राहायचं कबूल केलं, आता ते खूळ पुरे. मग म्हणाला, "साधना, खरं सांग. काय चुकलं होतं आपलं?"

मी ओट्यावर होतो. काच चालू होती. गिरजाबाई चवळीच्या शेंगा मोडत बसल्या होत्या आणि उत्तर ऐकायला त्यांचे हात थांबले होते. साधनाने त्या हातांकडे पाहिलं. पाचही बोटांकडे.

"काटाच खोटा होता," ती म्हणाली.

"तरी मी म्हणतच होतो," हर्षल म्हणाला. "तरी मी म्हणतच होते," गिरजाबाई म्हणाल्या.

रात्रीच्या भाकरी करण्याआधी साधनाने माझे सेल काढले. मला फडक्यात गुंडाळलं आणि या डब्यात ठेवलं. त्या दिवशी काटा पुन्हा पारखून घेतला नाही म्हणून हर्षल तिच्यावरही रागावलेला आहे, अजूनही नीट बोलत नाही, हे मला माहीत आहे. तिला एका वाक्यात सुटता आलं असतं. ती सुटली नाही, आणि तिने मलाही सुटू दिलं नाही. अधूनमधून कुणी पाहुणा आला की गिरजाबाई हा डबा उघडून मला दाखवतात. "याच डबड्यानं माया पोराले लांब धाडलं." आणि साधना शेजारून म्हणते, "हो आत्याबाई."

मित्रांनो, कुणी एखाद्या काट्याला खोटा म्हटलं, तर लगेच विश्वास ठेवू नका. आधी त्याच्यावर तुरीचा एक दाणा ठेवून पाहा. बिचारा खरं सांगत असेल. फक्त या वाडीत कधी आलात आणि गिरजाबाईंनी डबा उघडून मला तुमच्या हातात दिला, तर सेल मागू नका, दाणा ठेवू नका. मान हलवा आणि म्हणा, हो, खोटाच आहे.